रुमालाखालचा भाव

"मॅम, देवणी तुमच्याच जिल्ह्यात येते ना? मग ते लोकल झालं."

हे वाक्य मला पुण्याच्या एका साहेबानं फोनवर ऐकवलं होतं. आज इतक्या वर्षांनी आठवलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. लोकल! लातूरहून उदगीर गाठायचं, उदगीरच्या स्टँडवर दुसऱ्या गाडीची वाट बघत उभं राहायचं, ती आली तर देवणी. परत येताना हेच सगळं उलटं. सकाळी सहाला घर सोडलं तर दिवेलागणीला उंबऱ्यात पाय. याला तो लोकल म्हणत होता. त्याच्यासमोर जिल्ह्यांची यादी होती आणि लातूर या नावाखाली जे जे येत होतं ते सगळं त्याच्या लेखी माझ्या अंगणात होतं.

आधी काम काय होतं ते सांगते, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलासुद्धा ते दोनदा समजावून सांगावं लागलं होतं. मोठ्या कंपन्यांना आपली दुकानं गावोगाव कशी चालतात हे जाणून घ्यायचं असतं. त्यासाठी त्या एखाद्या एजन्सीला पैसे देतात. एजन्सी आमच्यासारख्यांना गिऱ्हाईक बनवून पाठवते. आपण दुकानात जायचं, घेणार असल्यासारखं सगळं विचारायचं, एखादी बारीकसारीक वस्तू घेऊन पावती घ्यायची, बाहेर येऊन पाटीचा फोटो काढायचा आणि त्याच दिवशी चाळीस प्रश्नांचा फॉर्म भरून पाठवायचा. दुकानदार हसला का? किती मिनिटांत उठला? पाणी विचारलं का? आपण कोण हे मात्र त्याला कळता कामा नये. थोडक्यात, पगारी चोरून बघणं. एका भेटीचे तीनशे रुपये, त्यातच गाडीभाडं.

मी काही हौसेनं यात पडले नव्हते. लातुरात माझी मेस होती. बाहेरगावची मुलं शिकवणीसाठी येऊन राहायची, त्यातली पंचवीस-तीस माझ्याकडे जेवायची. मग तो दुष्काळ आला. नळाला पाणी यायचं बंद झालं, गल्लीत टँकर आठवड्यातून एकदा यायचा, तोही आला तर आला. तीस ताटं धुवायला पाणी कुठून आणणार? काही दिवस पत्रावळीवर ढकलले. मग होस्टेलवाल्यांनीच मुलांना घरी जायला सांगितलं आणि माझ्या चुलीवरचं मोठं पातेलं माळ्यावर गेलं. मालक, म्हणजे माझे यजमान, एका शिकवणीवर्गाच्या ऑफिसात कारकून. त्यांचा पगार दोन महिने अडकला होता. अशा वेळी कुणीतरी सांगितलं, नांदेडला एका हॉटेलच्या हॉलमध्ये एक दिवसाचं ट्रेनिंग आहे, फिरायचं काम आहे, बायकांनाही घेतात. मी गेले. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते खोटं नाही.

त्या ट्रेनिंगला माझ्या शेजारी एक नांदेडची बाई बसली होती. शिवणकाम करणारी, माझ्याच वयाची. जेवणाच्या सुट्टीत आम्ही एकमेकींचे नंबर घेतले. स्टेजवरून मात्र बजावलं जात होतं की आपला रेट गोपनीय आहे, तो दुसऱ्या कुणालाही सांगायचा नाही, सांगितल्यास काम बंद. त्यावेळी मला ते मोठ्या कंपन्यांचं काहीतरी शिस्तीचं वाटलं. मी मान डोलावली.

लातूर शहरातली कामं बरी होती. अर्ध्या तासात दुकान, तासाभरात फॉर्म. मग शहरातली संपली आणि तालुके सुरू झाले, त्यात देवणी आली. दुकान टीव्ही-फ्रिजचं होतं. मी उदगीरची लेक. उदगीरपासून देवणी जेमतेम तासाभरावर. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, उदगिरात जनावरांच्या साजाचं दुकान. कासरे, म्होरक्या, वेसणी, घुंगरमाळा. आजूबाजूच्या सगळ्या बाजारांत ते गाठोडं घेऊन बसायचे आणि मी लहानपणी त्यांच्याबरोबर जायची. देवणीच्या बाजारात तर आमची ठरलेली जागा होती. मी एजन्सीच्या त्या पुण्याच्या साहेबाला म्हटलं, मला तिथं लोक ओळखतील, दुसरं कुणीतरी पाठवा. तो म्हणाला, "मॅम, इतक्या वर्षांनी कोण ओळखतंय? प्रोफेशनल राहा."

मी प्रोफेशनल राहिले. गोष्ट पाठ केली. मी निलंग्याची, मालक शिक्षक, देवणीला बदली झाली, घर लावायचंय, फ्रिज पाहिजे. दुकानदार पन्नाशीचा, कपाळावर विभूतीचे पट्टे. दुकानात मी सोडून गिऱ्हाईक नव्हतं. त्या वर्षी देवणीत फ्रिज घ्यायला कोण येणार होतं? बाजाराचा दिवस होता आणि रस्त्यानं देवणी जातीची एक एक देखणी जनावरं वैरणीवाचून विकायला चालली होती. दुकानदारानं खुर्ची पुसून दिली. मग खाली वाकून आपल्या पिशवीतून एक प्लास्टिकची बाटली काढली आणि फुलपात्रात अर्धं पाणी ओतून माझ्यापुढं धरलं.

"घरून आणलंय वो. दुकानात पाणी न्हाई सध्या. तेवढंच घ्या."

मी प्याले. बाटलीत खाली चार घोट उरले असतील. तो काही प्याला नाही.

मग फ्रिज दाखवता दाखवता त्यानं आमच्याकडं सगळे विचारतात तेच विचारलं. "कोन्या गावच्या?" निलंगा. "सासर झालं. माहेर?"

इथं मी चुकले. सासर खोटं सांगता येतं, मालकाची नोकरी खोटी सांगता येते, नावसुद्धा बदलता येतं. पण माहेर विचारल्यावर आमच्याकडच्या बाईच्या तोंडून दुसरं गाव निघत नाही. चाळीस प्रश्नांचा फॉर्म करणाऱ्याला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं, आणि मला ठाऊक असून उपयोग झाला नाही. मी म्हणाले, उदगीर.

"उदगिरात कुणाच्या?"

"दोरवाल्यांच्या."

"आगं माय! दोरवाल्या अप्पाच्या तुम्ही? आवो, आमच्या बाच्या सगळ्या बैलांच्या म्होरक्या अप्पांच्याच हातच्या. थांबा अक्का, चहा घेतल्याबिगर न्हाई जायचं."

चहा आला. अप्पांची तब्येत विचारून झाली, आई कधी गेली ते विचारून झालं. मी एक बल्ब विकत घेतला, पावती घेतली, बाहेर येऊन चोरासारखा पाटीचा फोटो काढला. फ्रिजचा भाव उतरला तर कळवतो म्हणून त्यानं माझा नंबर लिहून घेतला होता. परतीच्या गाडीत मी फॉर्म भरला आणि सवयीनं सगळं खरं लिहिलं. हसला का, हो. उठला का, लगेच. पाणी स्वच्छ ग्लासात ट्रेमधून दिलं का? ग्लास हो, ट्रे नाही. खाली शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं की दुष्काळ आहे, माणसानं घरून आणलेल्या बाटलीतलं स्वतःचं पाणी दिलं, आणि बोलता बोलता माझ्या माहेरची ओळख निघाली. घरी आले तर शेजारीण दारातच म्हणाली, टँकर येऊन गेला. तिनं तिच्या पिंपासोबत माझ्या दोन घागरी भरून ठेवल्या होत्या, बाकी पिंपं रिकामी. तीनशे रुपयांसाठी मी आठवड्याचं पाणी घालवून आले होते.

आणि ते तीनशेही मिळाले नाहीत. चार दिवसांनी निरोप आला, भेट रद्द, ओळख उघड झाल्यामुळे मानधन देय नाही. मी फोन लावला. म्हटलं, मी आधीच सांगितलं होतं की तिथं मला ओळखतात. तो म्हणाला, पॉलिसी आहे. म्हटलं, निदान गाडीभाडं तरी. तेव्हा त्यानं ते लोकलचं वाक्य टाकलं. त्यावर आणखी एक मखलाशी केली. "मॅम, मी पेपरात वाचलं, उदगीर नवा जिल्हा होणार आहे म्हणे. झाला की देवणी तुमच्यासाठी आऊटस्टेशन होईल. मग भत्ता लावू आपण."

म्हणजे माझं गाडीभाडं आता सरकारनं जिल्हा तोडायचा तेव्हा मिळणार! मी एकदा जिल्हा होताना पाहिलेला आहे. मी शाळेत होते. तोवर आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात होतो आणि अप्पांना एका कागदावर एका सहीसाठी तिकडं जायला दोन दिवस मोडायला लागायचे. लातूर जिल्हा झाला तेव्हा शाळेत पेढे वाटले. अप्पा पेढा तोंडात टाकून म्हणाले होते, "जिल्हा सरकला, पर रस्ता तेवढाच लांब हाय." त्यांना म्हणायचं होतं की खेड्यातल्या माणसाला गाडी पकडून जावंच लागणार, पाटी कुठलीही लागो. उदगीर जिल्ह्याची बातमी तर दर एक-दोन वर्षांनी यायची आणि जायची, आम्ही तिच्यावर हसणंही सोडलं होतं. आणि हा साहेब माझ्या मजुरीची गाठ तिच्याशी बांधत होता.

मी चिडले, पण गप्प बसले. खरं सांगायचं तर घाबरले होते. मेस बंद, पगार अडकलेला. हातातलं कामही गेलं तर काय? त्याच बोलण्यात तो सहज म्हणाल्यासारखं म्हणाला होता, "नांदेडच्या मॅम तर अडीचशेत करतात, हदगाव, बिलोली सगळं. त्या कधी तक्रार करत नाहीत." हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. मला त्या शिवणकामवाल्या बाईचा राग आला. आपण तीनशेला कुरकुरतो आणि ही अडीचशेत धावते, हिच्यामुळेच आपला भाव पडतो, असं मी मालकांपुढं बडबडलेसुद्धा.

महिनाभर गेला असेल. एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. देवणीचा दुकानदार.

"अक्का, वळखलं का?" मी म्हटलं, हो, बोला. मला वाटलं फ्रिजचा भाव उतरला. तो म्हणाला, "कंपनीचा कागद आला. आमच्या दुकानाचा मार्क कमी झाला. ह्या खेपंचं बक्षीस गेलं. कारण लिवलंय, गिऱ्हाइकाला पाणी ट्रेत दिलं न्हाई."

मी काहीतरी पुटपुटले असेन. तो शांतपणे म्हणाला, "तुमीच होतात न्हवं?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. मी म्हटलं, हो. तुम्हाला कधी कळलं?

"तवाच. फ्रिज घ्यायला आलेली बाई आदी दार उघडून बर्फाचा कप्पा बगती. तुमी भिंतीवरचं घड्याळ बगितलं. तितंच म्हटलं, आली कंपनीची बाई. म्हटलं, आली कंपनीची बाई. पर माहेरवाशीण निघाल्यावर चहाबिगर कसं धाडायचं?"

मी माफी मागायला लागले. सांगितलं की मी शेऱ्यात सगळं लिहिलं होतं, बाटलीचंही लिहिलं होतं. तो म्हणाला, "ते कुणी वाचतंय का अक्का. जाऊ द्या." आणि मग त्यानं जे विचारलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "तुमचे पैसे तरी मिळाले न्हवं?"

त्याचं बक्षीस माझ्या हातानं गेलं होतं, आणि तो माझ्या पैशाची चौकशी करत होता. मी म्हटलं, नाही मिळाले. भेट रद्द केली म्हणाले.

तो म्हणाला, "रद्द? मग कागद कसा आला?"

फोन ठेवल्यावर माझं डोकं ताळ्यावर यायला वेळ लागला. भेट रद्द म्हणून मला पैसे नाहीत, आणि त्याच भेटीचा अहवाल कंपनीला विकला. दुकानदाराचं बक्षीस कापायला माझा ट्रे चालला, माझी मजुरी द्यायला मात्र माझं माहेर आडवं आलं. मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्यानं बोलत होते. मालक आतल्या खोलीतून विचारत होते, कुणाशी भांडतेयस?

तेव्हा मला रुमाल आठवला. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं ठरत नाही. दलाल आपल्या डोक्याचा रुमाल काढतो, विकणाऱ्याच्या हातावर टाकतो आणि त्याखाली बोटं दाबून भाव सांगतो. मग तोच रुमाल घेणाऱ्याच्या हातावर. आजूबाजूला शंभर माणसं उभी असली तरी आकडा फक्त त्या दोन हातांना कळतो. मी लहानपणी अप्पांना विचारलं होतं, हे लपवून का करतात? अप्पा म्हणाले, "इकणाऱ्याला घेणाऱ्याचा आकडा कळू नये, घेणाऱ्याला इकणाऱ्याचा. दोनी हात फकस्त दलालाला ठावं. त्यातच त्याचं पोट." आणि हसून पुढं म्हणाले होते, "शेजारच्या दावणीचा बैल किती स्वस्तात गेला ते दलाल प्रत्येकालाच सांगतो. कवाच खरं नसतं."

शेजारच्या दावणीचा बैल! मी लगेच नांदेडला फोन लावला. ट्रेनिंगनंतर आम्ही बोललोच नव्हतो. इकडच्या तिकडच्या गप्पा न मारता सरळ विचारलं, बाई, तुम्हाला एका भेटीचे किती देतात?

ती बिचकली. "सांगायचं नसतं ना ते."

"मला तीनशे," मी म्हटलं.

मग ती म्हणाली, "मलाबी तीनशेच. पण तो तर मला सांगून राहिला, लातूरच्या मॅम अडीचशात देवणी करतेत म्हणून! मी तुमच्या नावानं लई बोटं मोडली वो ताई."

"मीही तुमच्या नावानं मोडली," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसू ओसरल्यावर मात्र जो राग आला, तो आधीच्या रागासारखा नव्हता. आधी मी कुणावर चिडावं हेच मला नीट ठाऊक नव्हतं. तिनं तिचं सांगितलं. हदगावला जायचं तर शिलाई मशीन दिवसभर बंद, गिऱ्हाइकांची पोलकी पडून. बिलोली तेलंगणाच्या सीमेवर, तिथं तर दुकानदार पहिलं वाक्य तेलुगूत टाकून बघतो, आणि उत्तर आलं नाही की परकी बाई म्हणून सगळं दुकान मागं वळून बघतं. तिच्याही दोन भेटी "ओळख संशयास्पद" म्हणून रद्द झालेल्या. नांदेडच्या मोठ्या दुकानात कोण कुणाला विचारतं? पण तालुक्याच्या गावी नवीन माणूस दिसला की त्याचं मूळ विचारणं हा तिथला रिवाज, किंबहुना पाहुणचार. म्हणजे जिथं काम सगळ्यात अवघड आणि दिवस सगळ्यात लांब, तिथं पैसे सारखेच आणि ते बुडायची भीतीही जास्त. आणि याला साहेब म्हणत होता स्टँडर्ड रेट.

आम्ही ठरवलं, भेटायचं. लातूर आणि नांदेडच्या मध्ये अहमदपूर पडतं. महिनाअखेरीला चार दिवस उरले असताना मी एका गाडीनं आले, ती दुसऱ्या. महिनाअखेर आम्ही मुद्दाम धरली होती, कारण भेटी दर महिन्याला लागायच्या, आणि तोवर आम्ही लांबवलेल्या देवणी, हदगाव आणि बिलोलीच्या भेटी झाल्या नाहीत तर एजन्सीची कंपनीपुढं पंचाईत होती आणि साहेबाचे फोन दिवसातून दोनदा येत होते. स्टँडच्या कँटीनमध्ये बसलो. पाण्याचा ग्लास वेगळा मागावा लागत होता आणि कँटीनवाला चेहरा बघून देत होता. मी फोन टेबलावर ठेवला, स्पीकर चालू केला आणि साहेबाला लावला. ती शेजारी आहे हे सांगितलं नाही. त्यानं चोरून बघायला शिकवलं होतं, आम्ही चोरून ऐकवायचं ठरवलं.

मी आडवळणानं काही बोलले नाही. ताकाला जाऊन गाडगं लपवायची सवय मला नाही. म्हटलं, शहराबाहेरच्या कुठल्याही तालुक्याला दिवसाचे सातशे आणि गाडीचं तिकीट वेगळं. जिल्हा कुठलाही असो. आणि कुणी माहेर विचारलं म्हणून भेट रद्द होणार नाही, कारण विचारणारच आहेत.

तो हसला. मॅम, हे शक्य नाही, बजेट नाही, स्टँडर्ड रेट आहे, इतर लोक याहून कमीत करतात. मी म्हटलं, मग त्यांना पाठवा. तो म्हणाला, ठीक आहे, तुमच्यासाठी चारशे.

मी काही बोलले नाही. अप्पांचा दुसरा धडा होता, भाव सांगून झाला की तोंड मिटायचं, जो आधी बोलतो तो उतरतो. नांदेडची बाई बोलायला निघाली तसा मी तिचा हात दाबून धरला. गाड्यांचे हॉर्न वाजत होते, कंडक्टर ओरडत होते. "हॅलो? मॅम? आहात ना?" मी नुसतं हूं म्हटलं. "बरं, पाचशे. आणि तिकीट." मी गप्प. पाचशेही काही कमी नव्हते, माझ्या घरात ते दिसले असते. एवढ्यावर हो म्हणून टाकावं असं मनात येत होतं, ते कबूल करते.

तो म्हणाला, "मॅम, तुम्ही फार हट्टी आहात."

तेव्हा मी विचारलं, "देवणीची रद्द झालेली भेट कंपनीला कशी गेली?"

"कुठली?"

"जिचे पैसे मला दिले नाहीत ती. दुकानदाराकडं कागद आलाय, ट्रेचा. मी त्या कंपनीच्या लातूरच्या ऑफिसात जाऊन विचारू का, की तुम्ही रद्द झालेल्या भेटीचे पैसे कुणाला दिले?"

यावेळी गप्प बसायची पाळी त्याची होती. बऱ्याच वेळानं तो खालच्या आवाजात म्हणाला, "सातशे आणि तिकीट. तुमच्यापुरतं. पण एक रिक्वेस्ट आहे मॅम, नांदेडच्या मॅमना हे सांगू नका."

माझ्या हाताखालून तिचा हात सुटला. ती टेबलावर वाकली आणि सगळं कँटीन वळून बघेल अशा आवाजात म्हणाली, "ऐकलं मी भाऊ. मलाबी तेवढंच लावा. आन् ह्या ताई अडीचशात देवणी करतेत म्हणत होतात, ते कुठल्या ताईचं होतं ते सांगा आदी!"

त्यानं फोन कापला. पण दोन दिवसांत दोघींनाही लेखी आलं, सातशे आणि तिकीट. वर एक ओळ, देवणीच्या भेटीचे तीनशे "विशेष बाब" म्हणून देण्यात येत आहेत. विशेष बाब! स्वतः खाल्लेलं परत ओकायचं आणि त्याला मेहेरबानीचं नाव द्यायचं. मी त्या कामात पुढं फार दिवस राहिले नाही, पाऊस झाला तशी मेस सुरू केली. शिवणकामवाली बाई मात्र आणखी काही वर्षं करत होती आणि दर नव्या बाईला पहिल्याच दिवशी आपला आकडा सांगत होती.

राहिले ते तीनशे, पाऊस यायच्या आधीच हाती आलेले. ते घरात घालायला मन घेईना. देवणीच्या दुकानदाराचं बक्षीस माझ्यामुळं गेलं होतं, ते मला परत आणून देता येत नव्हतं. पैसे पाठवले असते तर त्यानं घेतले नसते आणि वर मलाच वाईट वाटलं असतं. शेवटी लातूरच्या भांड्यांच्या दुकानातून एक चांगला जाड स्टीलचा ट्रे घेतला, कागदात गुंडाळला आणि माझा भाऊ बाजाराला देवणीला चालला होता त्याच्या हाती दिला. सांगितलं, दोरवाल्यांच्या लेकीनं दिलाय म्हण, पुढच्या वेळी कुणी बघायला आलं तर मार्क जायला नको.

संध्याकाळी दुकानदाराचा फोन आला. तो हसत होता, पण दमलेला वाटत होता. मी विचारलं, पोचला का?

"पोचला अक्का. लई झ्याक हाय. आता तेवढं त्यात ठिवायला पाणी धाडा."